गरम गाडी खोटं बोलते

त्या माणसाने माझ्या गाडीची पहिली तपासणी नाकाने केली. चारही दारं उघडली, एकेका दारातून डोकं आत घातलं, डोळे मिटले आणि शेजारच्या घरात काय शिजतंय ते ओळखावं तसा सावकाश श्वास घेतला. चौथ्या दाराशी थांबून मला विचारलं, "बाम कोण लावतं?"

"माझे मिस्टर. खांद्याला."

"गाडीत बसताना लावू देऊ नका. बामच्या मागं अजून एक वास उभा हाय. तो मला दिसत नाय."

मी तोवर पर्समधून माझी यादी काढली होती. गाडीच्या अकरा तक्रारी, क्रमांक घालून. तातडीच्या लाल शाईत, बाकीच्या निळ्या. त्यांनी यादी घेतली, तिची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. स्टूल स्थिर झालं.

"बसा," म्हणाले.

अन्वी, ईशान, व्हिडिओ कॉलवर तुम्ही आमच्या ज्या लाल गाडीला हात हलवता, ती गाडी माणसांत आणणाऱ्या मिस्त्रींविषयी तुम्हांला क्रमवार लिहायचं मी ठरवलं होतं. तीन वेळा बसले. पण त्या माणसाची प्रत्येक गोष्ट भलत्याच टोकाने सुरू व्हायची, त्यामुळे माझाही क्रम बिघडतो. हे तुम्हांला बाबा वाचून दाखवेल. मध्येच तो काही ओळी गाळेल असा माझा अंदाज आहे. तिथे त्याला थांबवा.

आधी एवढं लक्षात घ्या, की गाडी मी हौसेने घेतली नव्हती. तुमच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, खंड पडला तर पाय परत येणार नाही. व्यायामाचं केंद्र अंबरनाथला आणि आम्ही बदलापुरात, मांजर्लीला. आजोबांना चढवायला किती वेळ लागतो ते रिक्षावाले एकदा बघायचे आणि दुसऱ्या वेळी न थांबता पुढे जायचे. एका महिन्यात पाच खाडे झाले. तुमच्या बाबाला ते फोनवर कळलं आणि त्याने तिकडे परदेशात बसून पुण्याजवळचं वृद्धांसाठीचं एक संकुल शोधून काढलं. व्यायामाची खोली तळमजल्यावरच. "मी गणपतीत येतोय, आई. तोवर पप्पांचं जाणं-येणं मार्गी लागलं नसेल, तर फ्लॅट विकायचा आणि तुम्ही दोघांनी तिथे जायचं," तो म्हणाला. तो चुकीचं बोलत नव्हता. फोन ठेवल्यावर आजोबांनी मला एवढंच विचारलं, "तिथे खिडकीतून नदी दिसते का गं?"

दिसत नव्हती. मी माहितीपत्रक दोनदा वाचलं होतं.

माझ्याकडे तीस वर्षांपूर्वीचं लायसन्स होतं आणि बाबाला काही न सांगण्याचा निश्चय होता. आमच्या भजनी मंडळातल्या एका बाईंचा जावई अंबरनाथला आपली गाडी विकत होता. "बायकोच चालवायची, काकू. घर ते देऊळ आणि देऊळ ते घर," तो म्हणाला. सर्व्हिसचं पुस्तक घर बदलताना हरवलं होतं. आधीचा मालक कोण, तर "नाशिककडचा कोणीतरी". रंग लाल, चकचकीत. सीटची कव्हरं कोरी. मी कागदपत्रं तपासली, सगळीकडे सही केली आणि गाडी घरी आणली.

आठवड्याभरात गाडीने स्वभाव दाखवला. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. वायपर सुरू केला की मागची खिडकी खाली जायची. ब्रेक दाबला की रेडिओ लागायचा, तोही शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमावर. बेलवलीच्या वळणावर एका गृहस्थाने मला थांबवून सांगितलं, "मावशी, आम्ही बाजूला होतोच आहोत, तुम्ही रागावता कशाला?" एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने ती नवी बॅटरीही बदलली. शेवटी आमच्या नाक्यावरचा एक रिक्षावाला म्हणाला, "विठ्ठलवाडीला डेपोच्या मागं एक म्हातारा हाय. थोडा सटकलेला हाय, पण गाडीचं त्यालाच समजतं."

म्हातारा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान निघाला.

मिस्त्रींची सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपात गेली होती. निवृत्तीनंतर एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हे गॅरेज मांडलं होतं. घरी बोलायची भाषा मराठी, पण चाळीस वर्षं उल्हासनगरच्या सिंधी दुकानदारांकडून सुटे भाग आणता आणता प्रत्येक पुरुषाला "साईं" म्हणायची सवय लागलेली. आजोबांनाही पहिल्याच भेटीत "या, साईं" म्हणाले. आजोबा कारखान्यात फोरमन होते. तिथे लोकांनी त्यांना पुष्कळ काही म्हटलं होतं, पण इतक्या आदराने नव्हे. ते बेहद्द खूश झाले.

बॉनेट ते सगळ्यात शेवटी उघडत. "तोंड सगळेच धुऊन येतात," म्हणत. "कानामागं बघायचं." म्हणून सुरुवात डिकीपासून. मालकाचं बोलणं मात्र फार मन लावून ऐकत, कारण आपण कुठे शोधायला नको ते त्यावरून कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. कामाच्या वेळेत चहा पीत नसत, नाक बिघडतं म्हणून. एकदा एक तरुण अत्तर फवारून आला तर त्याला हात जोडून म्हणाले, "साईं, तुम्ही समोर हॉटेलात बसा. गाडीशी मी बोलतो."

दोष वाचायचं इलेक्ट्रॉनिक यंत्रही त्यांच्याकडे होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पण ते गाडीला जोडण्याआधी स्वतःचं निदान खडूने भिंतीवर लिहीत आणि मगच यंत्राचं उत्तर बघत. जुळलं तर यंत्राला म्हणत, "शाब्बास." नाही जुळलं तर यंत्र परत पिशवीत.

मला मात्र त्या पहिल्या दिवशी ते काहीच सांगेनात. मी म्हटलं, "निदान इंजिनाचा आवाज तरी ऐका."

"मॅडम, तुम्ही बदलापूरहून गाडी चालवत आणली. ती गरम हाय. गरम गाडी खोटं बोलते. विकणारे बघा, गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मारून आणतात. हिला हितंच राहू दे. सकाळी गार पडली की सगळं कबूल करंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी हजर झाले. गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरलेला होता आणि गाडीने त्यावर जे काही ठिबकवलं होतं, ते मिस्त्री चष्मा लावून वाचत होते.

"हे काळं, इंजिनचं. वयाप्रमाणं ठीक हाय. हे हिरवट, कूलंटचं. पाइप बदलू. आन् हे बघा." मागच्या दाराच्या बरोबर खाली चार तपकिरी थेंब होते. त्यांनी बोट फिरवलं, हुंगलं. "हे तेल नाय. मातीचं पाणी हाय."

"रात्री पाऊस झाला ना."

"वर पत्रा हाय, मॅडम."

मग त्यांनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिले. इतका लांब पट्टा गाडीत असतो हे मला माहीत नव्हतं. तेवढा तो कोणीच ओढत नाही आणि म्हणून तेवढा कोणी धूतही नाही. शेवटच्या हातभर तुकड्यावर आडवी तपकिरी रेघ होती. त्यांनी सतरंजी उचलावी तसा गाडीतला गालिचा उचलला. खाली मैद्यासारखा बारीक गाळ आणि त्यात वाळक्या मुळांचा एक झुपका.

"जलपर्णी," मिस्त्री म्हणाले. "गाडी पाण्यात बसलेली हाय. पार सीटपर्यंत. हॉर्नच्या, खिडकीच्या, सगळ्या वायरींच्या जोडांत गंज चढलाय, म्हणून एकाला बोलावलं की दुसरा येतो. आन् पाणी नाशिकचं नाय. ही आपली उल्हास नदी."

"जलपर्णी नाशिकलाही असते," मी म्हटलं. पुराव्याशिवाय कोणावर ठपका ठेवणं मला आवडत नाही.

"पुरावा पायजे? देतो."

पुढच्या काचेच्या कोपऱ्यात गणपतीचं स्टिकर होतं. मिस्त्रींनी आधी नमस्कार केला, मग त्यावर कोमट पाण्याचं फडकं धरलं आणि पाच मिनिटांनी गणपती अलगद सोडवून शेडच्या खांबावर चिकटवला. खाली अर्धवट खरवडलेला एक पिवळा कागदी गोल होता. त्यावर हिरव्या शाईत लिहिलेलं: ब ७.

"कुठल्यातरी सोसायटीचं पार्किंगचं लेबल. अक्षर बघा कसं हाय! लिहिणारा माणूस भलताच शिस्तीचा दिसतो."

मी स्टुलावर बसले. "मिस्त्री, ते अक्षर माझं आहे."

आमच्या सोसायटीची मी नऊ वर्षं सेक्रेटरी होते. ते गोल मीच वाटी उपडी ठेवून कापले होते. पार्किंगच्या वहीत प्रत्येक गाडीचा नंबर मी लिहिलेला होता आणि खरेदीच्या कागदावर ह्या गाडीचा नंबर लिहिलाही मीच. दोन्ही ठिकाणी सुवाच्य. दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघावेत हे काही मला सुचलं नाही. मोठा पूर आला त्या वर्षी ही गाडी राखाडी होती. आमच्या बिल्डिंगखाली ती पाण्यात संथपणे गोल फिरली आणि पंपाच्या खोलीला जाऊन टेकली. ते दृश्य मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून पाहिलं होतं आणि आजोबांना म्हटलं होतं, "बिचाऱ्याची गाडी गेली हो!" मग ती कुठे कुठे फिरली, लाल झाली, देवळात जाऊ लागली आणि मी तिला जाऊन घरी घेऊन आले.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर मला "ब ७" लिहायला लावलं, तो तुकडा फाडून काचेशी धरला, दोन्ही अक्षरं नीट ताडून पाहिली.

"शाब्बास," म्हणाले.

"आता हिचं काय? भंगार?" मी विचारलं. बाबा यायला पुरता महिनाही नव्हता.

"एक सवाल हाय. पाणी उतरल्यावर कोणी चावी फिरवली होती का? फिरवली असंल तर इंजिनानं पाणी ओढलं, आतले दांडे वाकले. मग मी हात लावत नाय. फिरवली नसंल तर बाकी सगळं सुकवता येतं. ह्याचा जबाब गाडी देणार नाय. माणूस शोधा."

माणूस माझ्या वहीतच होता. त्या पुरानंतर ब सात क्रमांकाचा भाडेकरू चिखलोलीला, उंचावरच्या इमारतीत राहायला गेला होता. मी फोन लावला आणि मिस्त्रींनाही ऐकू येईल असा ठेवला.

"काकू! ती गाडी अजून जिवंत आहे? मी तर इन्शुरन्सवाल्यांना देऊन मोकळा झालो होतो."

"तू तिला पाण्यानंतर चावी लावली होतीस का? आठवून सांग."

"लावणार होतो ना! चावी घातलीसुद्धा होती. तुम्हीच वरून ओरडलात. इन्शुरन्ससाठी फोटो काढल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, सेक्रेटरीची सूचना आहे, फलकावर वाच! मी घाबरून चावी काढली. खरं सांगू का काकू, तेव्हा तुम्हांला मनात खूप शिव्या दिल्या."

मिस्त्रींनी फोनकडे तोंड करून विचारलं, "नक्की फिरवली नाय ना, साईं?"

"नाही हो. ह्यांच्यापुढे कोणाची हिंमत आहे?"

मिस्त्रींनी मला उठायला सांगितलं. मग वाकून स्टुलाच्या पायाखालची घडी काढली, झटकली आणि माझी यादी पहिल्या क्रमांकापासून वाचायला घेतली.

पुढचे दिवस गाडी ओळखू येत नव्हती. सीटा बाहेर, गालिचा दोरीवर, वायरींचे जुडगे खिडकीतून लोंबलेले. गिअरचं तेल त्यांनी मला बाटलीत काढून दाखवलं. दुधाच्या चहासारखं झालं होतं. चाकांची बेअरिंगं, ब्रेकचे ड्रम, सगळं खोलून पाणी लागलेलं निघालं. आधी कोणी काय बदललं ते माहीत नाही, म्हणून काहीच बदललेलं नाही असं समजायचं, हा त्यांचा नियम. धुतलेल्या सीटा ते ऊन पडेल तेव्हा रस्त्याच्या कडेला मांडत. डेपोकडे जाणारे लोक त्यांवर येऊन बसत. मी एकदा उठवायला गेले तर म्हणाले, "बसू दे. दाबल्या जातात, आतलं पाणी निघतं." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर आमच्या मागच्या सीटवर सबंध वर्तमानपत्र वाचून काढलं.

"गणपतीच्या आधी होईल ना?" मी रोज विचारत असे.

"गाडीला तारीख देता येत नाय, मॅडम. गणपतीला देता येते, तो वेळेवर येतो."

शिवाय गाडी परत देण्याआधी ते मालकाची परीक्षा घेत. डोळे मिटून बसायचं, ते इंजिन चालू करणार, मध्येच काहीतरी सैल करणार, आणि आपण आवाज ओळखायचा. चौतीस वर्षं मी पोरांचे पेपर तपासले. ह्या परीक्षेत पहिल्यांदा सपशेल नापास झाले. पट्ट्याच्या आवाजाला पंखा म्हटलं. "घरी अभ्यास करा," म्हणाले. मी आठवडाभर मिक्सर, पंप आणि शेजारच्यांची वॉशिंग मशीन ऐकत बसले. दुसऱ्या वेळी पास झाले. पाचापैकी चार. चुकलेला एक त्यांनी परत समजावला.

आम्ही भांडलोसुद्धा, एकदाच. आजोबांना मी रिक्षातून गॅरेजवर आणलं होतं. त्यांना उतरवायची माझी एक पद्धत होती, सात पायऱ्यांची: आधी डावा पाय, मग माझा खांदा, मग कमरेचा पट्टा, असं. मिस्त्री पाना हातात धरून सगळ्या सात पायऱ्या बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही धरता म्हणून साईं लोंबतात."

"मिस्त्री, तुम्ही गाड्यांचं बघा."

"तेच बघतो. ह्यांच्या उजव्या चपलेचा तळ बघा. नुसता घासला असता तर टोक झिजलं असतं. टाचही झिजलीय. म्हणजे कोणी बघत नसताना साईं त्या पायावर भार देतात."

मी आजोबांकडे पाहिलं. आजोबा खांबावरच्या गणपतीकडे पाहू लागले. "रात्री बाथरूमला जाताना," ते पुटपुटले. "तुला उठवायला नको म्हणून." मला इतका राग आला की परत जाताना मी मिस्त्रींचा निरोपही घेतला नाही. राग कोणाचा, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

तुमचा बाबा आला आणि दुसऱ्याच दिवशी आजोबांच्या तोंडून गाडीचं निघालं. (बाबा, इथून पुढे नीट वाच.) आम्ही तिघं टॅक्सीने गॅरेजवर गेलो. त्याच दिवशी गाडी मिळणार होती आणि तिथूनच व्यायामाला जायचं होतं. बाबा हाताची घडी घालून गाडीभोवती फिरला.

"आई, ही पुरातली गाडी आहे! तिकडे असल्या गाड्या सरळ चिरडून टाकतात."

"तिकडे माणसं पुरात भिजली की ती पण बदलून टाकतात काय, साईं?" मिस्त्रींनी विचारलं.

"तो प्रश्न नाही. गाडी चालेलही. पण पप्पांना चढवायला दोन माणसं लागतात. मी गेल्यावर दुसरं माणूस कुठून येणार? तिथे पुण्याला व्हॅन आहे, लिफ्टवाली." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बोलता आलं असतं.

 मिस्त्रींनी पुढचं डावं दार पूर्ण उघडलं. आत, दाराच्या चौकटीला, एक पिवळा उभा दांडा बसवलेला होता, बसच्या दारात असतो तसा. भंगार बाजारातून आणून, कापून, बोल्ट मारून पक्का केलेला. सीटही त्यांनी चार बोटं उचलून घेतली होती. माझ्या यादीत ह्यातलं काहीच नव्हतं.

"मॅडम, तुम्ही स्टिअरिंगवर बसा. साईं, तुम्ही जरा पुढं या, हेडलाइट बघून सांगा," ते बाबाला म्हणाले. मी आजोबांना धरायला वळले, तसे मध्ये आडवे आले. "स्टिअरिंगवर, मॅडम."

मी बसले. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते तिथेच ठेवणं हे मी आयुष्यात केलेल्या कठीण कामांपैकी एक आहे. आजोबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत एकटे होते. त्यांनी दांड्याकडे पाहिलं. सबंध नोकरीत दररोज दोन वेळा त्यांनी असा दांडा पकडून बस गाठली होती, बहुतेकदा ती सुटल्यावर. त्यांचा डावा हात दांड्यावर गेला. उजवा पाय जमिनीवर घट्ट टेकला, थरथरला, टिकला. मग एक हिसका, एक मोठा श्वास, आणि ते माझ्या शेजारी होते. टोपी डोळ्यांवर आली होती, पण बसले होते.

बाबा समोर हेडलाइटपाशी उभा होता. हेडलाइट लागलेलेच नव्हते. त्याने काचेतून सगळं पाहिलं होतं. तो धावत दाराशी आला, आजोबांचा पट्टा लावायला वाकला, पण आजोबांनी तो डाव्या हाताने आधीच ओढून घेतला होता.

"तू मागे बस," आजोबा म्हणाले.

तो मागे बसला. तुम्हांला माहीत आहे तो केवढा उंच आहे. गुडघे हनुवटीला लागले. मी आरशात पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि डोळे पुसत होता. मिस्त्रींना नमस्कार करायला मी मान बाहेर काढली, पण ते तोवर दुसऱ्याच कोणाच्यातरी गाडीत डोकं घालून श्वास घेत होते.

मी गिअर टाकला आणि अंबरनाथच्या रस्त्याला लागले. मग मागून तुमच्या बाबाने विचारलं, "पप्पा, व्यायामाची वेळ किती वाजताची असते?"

"साडेदहा," आजोबा समोर बघत म्हणाले. "आणि आज तुझ्यामुळे उशीर झाला."